ट्रेमधला लॅपटॉप आणि न सांगितलेले कारण

देशातील मोठ्या विमानतळांवर सीटी तंत्राची नवी तपासणी यंत्रे बसणार आणि प्रवाशांना पिशवीतून लॅपटॉप बाहेर काढावा लागणार नाही, ही बातमी गेली काही वर्षे ठरावीक अंतराने येत असते. विमानतळांच्या सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या 'बीसीएएस' या केंद्र सरकारच्या संस्थेने त्यासाठी मोठ्या विमानतळांना २०२३ च्या अखेरची मुदत दिली होती. ती उलटली आणि पुढे सरकली. बंगळुरूसारख्या ठिकाणी चाचण्या झाल्या. बहुतेक प्रवाशांच्या वाट्याला मात्र अजून तोच सरकता पट्टा, तेच ट्रे आणि तीच सूचना आहे: लॅपटॉप, चार्जर, पॉवर बँक वेगळ्या ट्रेमध्ये.

या रांगेतली चिडचिड सर्वांच्या ओळखीची आहे. पहाटेच्या विमानासाठी मध्यरात्री घर सोडलेला प्रवासी आधीच अर्धवट झोपेत असतो. एका विमानतळावर कॅमेरा पिशवीत राहिलेला चालतो, दुसऱ्यावर त्याच कॅमेऱ्यासाठी पिशवी बाजूला काढली जाते. टॅब्लेट लॅपटॉपमध्ये मोडतो की नाही, चार्जरची गुंडाळलेली वायर 'इलेक्ट्रॉनिक वस्तू' ठरते की नाही, याची उत्तरे विमानतळागणिक आणि कधी एकाच विमानतळावर रांगेगणिक बदलतात. ट्रे संपलेले असतात. स्त्रियांची तपासणी पडद्याआड होते आणि तेथे रांग असली, की त्यांचा लॅपटॉप पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला मालकिणीविना पडून राहतो. सारख्या दिसणाऱ्या दोन लॅपटॉपची अदलाबदल झाली, तर ती दुसऱ्या शहरात उतरल्यावर लक्षात येते. डिसेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या तिसऱ्या टर्मिनलवर गर्दी इतकी वाढली, की नागरी विमान वाहतूक मंत्र्यांना स्वतः तेथे पाहणीसाठी जावे लागले होते.

मात्र या चिडीचे सगळे खापर वेळेवर फोडता येत नाही. रेल्वेच्या आरक्षणासाठी किंवा दवाखान्यात याहून जास्त वेळ थांबणारी माणसे तेथे इतकी चिडत नाहीत. विमानतळावर जे बोचते ते वेगळे आहे. काय करायचे एवढेच तेथे सांगितले जाते. का करायचे, हे कोणी सांगत नाही. कारण ठाऊक नसलेली सक्ती संशयासारखी वाटते आणि विनाकारण संशय हा कोणालाही अपमान वाटतो. प्रत्यक्षात लॅपटॉप बाहेर काढण्यामागचे कारण बारावीच्या विद्यार्थ्याला समजेल इतके सरळ आहे.

पट्ट्यावरच्या बोगद्यात क्ष-किरणांचा पंख्याच्या आकाराचा पातळ झोत पिशवीतून आरपार जातो आणि पलीकडच्या संवेदकांच्या रांगेवर पडतो. पट्टा पुढे सरकेल तशी एकेक रेघ मिळत जाते आणि रेघांचे चित्र बनते. हे चित्र म्हणजे सावलीच असते. किरणाच्या वाटेत जे जे आले त्या सर्वांच्या शोषणाची बेरीज तेवढी संवेदकाला कळते. त्या बेरजेत कोणती वस्तू वर होती, कोणती खाली, एक जाड वस्तू होती की दोन पातळ, हे कळण्याचा मार्ग त्या एका सावलीत नसतो. काही यंत्रे दोन दिशांनी सावली घेतात. त्याने अडचण कमी होते, संपत नाही.

पडद्यावर दिसणारे रंग खरे नसतात. ते यंत्राने दिलेले असतात. त्यामागे सुरेख भौतिकशास्त्र आहे. कमी ऊर्जेच्या क्ष-किरणांचे शोषण मुख्यतः प्रकाशविद्युत परिणामामुळे होते आणि ते अणुक्रमांकाबरोबर अतिशय वेगाने, जवळजवळ त्याच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात वाढते. ऊर्जा वाढली, की कॉम्प्टन प्रकीर्णनाचा वाटा मोठा होतो. ते मुख्यतः वाटेत किती इलेक्ट्रॉन आले यावर अवलंबून असते. दोन वेगवेगळ्या ऊर्जांना शोषण मोजून त्यांची तुलना केली, तर वाटेतल्या पदार्थाच्या सरासरी अणुक्रमांकाचा अंदाज येतो. कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन यांसारख्या हलक्या मूलद्रव्यांचे पदार्थ नारिंगी, मधल्या गटातले हिरवे आणि पोलाद, तांबे यांसारखे जड धातू निळे दाखवायचे, असा संकेत आहे. अडचण अशी, की स्फोटके बहुधा हायड्रोजन, कार्बन, नायट्रोजन आणि ऑक्सिजन यांचीच बनलेली असतात. पुस्तक, साबण, पुरणपोळ्यांचा डबा आणि स्फोटक, सारेच नारिंगी.

आता या सावलीत लॅपटॉप ठेवून पाहावा. सर्किट बोर्डावरचे तांब्याचे थर, शेकडो बारीक घटक, स्पीकरमधले चुंबक, बॅटरीतील तांब्याचे आणि ॲल्युमिनियमचे एकावर एक गुंडाळलेले पातळ पत्रे: पिशवीत याहून दाट आणि गुंतागुंतीची वस्तू क्वचितच असते. तिच्या वर किंवा खाली जे काही असेल ते त्या गर्दीत बुडून जाते. लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये ठेवायला सांगणे म्हणजे बेरजेतली सर्वांत मोठी संख्या वेगळी काढून ठेवणे. मग उरलेली पिशवी वाचता येते आणि लॅपटॉपही स्वतंत्रपणे वाचता येतो. ट्रेमधल्या लॅपटॉपवर जॅकेट टाकले, की जवान ते उचलायला सांगतो तेही यासाठीच. दोन लॅपटॉप एकावर एक ठेवले, की पुन्हा बेरीज सुरू होते.

ही बेरीज सोडवणारा माणूस पडद्यासमोर बसलेला असतो. एका पिशवीसाठी त्याच्याकडे काही सेकंद असतात. तो जे शोधत असतो ते त्याला जवळजवळ कधीच सापडत नाही, आणि हीच त्याच्या कामातली सर्वांत कठीण गोष्ट आहे. जेरेमी वुल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये 'नेचर'मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पडद्यावरच्या पसाऱ्यातून विशिष्ट वस्तू शोधण्याचे काम लोकांना देण्यात आले होते. निम्म्या चित्रांमध्ये ती वस्तू असताना सुमारे ७ टक्के वेळा ती नजरेतून सुटली. शंभरातल्या एकाच चित्रात ती असताना सुटण्याचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवर गेले. माणसे तीच होती आणि त्यांचे डोळेही तेच. अपेक्षा मावळली, की नजर लवकर पुढे सरकते. म्हणूनच अनेक यंत्रे अधूनमधून खऱ्या पिशवीच्या चित्रात शस्त्राची खोटी प्रतिमा मिसळतात. तपासणाऱ्याने ती ओळखली, की यंत्र त्याला ती खोटी असल्याचे सांगते. नजर जागी ठेवण्याचा हा उपाय आहे. अशा माणसाला स्वच्छ चित्र मिळणे ही चैन म्हणता येणार नाही.

आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंवरचा संशय हवेतून आलेला नाही. त्याच्या इतिहासाचे पहिले मोठे पान भारताचे आहे. २३ जून १९८५ रोजी एअर इंडियाचे 'कनिष्क' हे विमान आयर्लंडजवळ अटलांटिक महासागरावर स्फोटाने फुटले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. त्याच दिवशी जपानच्या नारिता विमानतळावर, एअर इंडियाच्याच दुसऱ्या विमानात चढवायच्या सामानात स्फोट होऊन दोन कामगार ठार झाले. नारिताचा बॉम्ब एका स्टीरिओ ट्यूनरमध्ये लपवलेला होता. त्या ट्यूनरच्या सापडलेल्या तुकड्यांवरूनच तपास पुढे सरकला. डिसेंबर १९८८ मध्ये लॉकरबीवर पॅन ॲमचे विमान पाडले गेले, तेव्हा काही शे ग्रॅम स्फोटक रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये दडवलेले होते. २७० जण मेले. फेब्रुवारी २०१६ मध्ये मोगादिशूहून निघालेल्या विमानात लॅपटॉपमधल्या बॉम्बने भोक पाडले. विमान पुरेशा उंचीवर पोचले नव्हते म्हणून ते परत उतरू शकले. काही ठिकाणी लॅपटॉप सुरू करून दाखवायला सांगतात त्यामागेही हाच इतिहास आहे. आतले भाग काढून रिकाम्या केलेल्या खोक्याला सुरू होणे जमत नाही.

'कनिष्क'च्या प्रकरणात आणखी एक तपशील आहे, आणि तो सावकाश वाचण्याजोगा आहे. त्या दिवशी टोरांटोला सामान तपासणारे क्ष-किरण यंत्र मध्येच बंद पडले. उरलेल्या बॅगा स्फोटकांचा वास घेणाऱ्या एका हातातल्या उपकरणाने तपासल्या गेल्या. कॅनडाच्या चौकशीत पुढे उघड झाले, की ते उपकरण वापरणाऱ्यांना त्याचे पुरेसे प्रशिक्षणच नव्हते आणि त्याच्या आवाजाचा अर्थ काय घ्यायचा हे त्यांना नीट सांगितले गेले नव्हते. यंत्र हातात देण्यात आले होते, ते समजावण्यात आले नव्हते. भारतात बीसीएएस हा स्वतंत्र विभाग झाला तो या घटनेनंतर, १९८७ मध्ये. पुढे डिसेंबर १९९९ च्या कंदाहार अपहरणानंतर विमानतळांची सुरक्षा टप्प्याटप्प्याने केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे गेली. आज रांगेच्या टोकाला उभा असलेला गणवेशातला जवान या दोन घटनांच्या मागून तेथे आलेला आहे.

इलेक्ट्रॉनिक वस्तूंबाबत दुसरा एक नियम याच काळात, पण अगदी वेगळ्या दिशेने आला. तो बॅटरीचा. लिथियम-आयन सेल दुखावला किंवा सदोष निघाला, तर त्यातली रासायनिक अभिक्रिया स्वतःच उष्णता निर्माण करते, त्या उष्णतेने अभिक्रिया आणखी वेग घेते आणि शेजारचा सेलही पेटतो. सामानकक्षातला अग्निशामक वायू ज्वाला दाबू शकतो. सेलच्या पोटात चाललेली ही साखळी तो तोडू शकत नाही. केबिनमध्ये असे घडले तर निदान ते दिसते, त्यावर पाणी ओतता येते. म्हणून पॉवर बँक आणि सुटे सेल चेक-इन सामानात चालत नाहीत. ते प्रवाशाबरोबर केबिनमध्येच न्यावे लागतात. सर्वसाधारण मर्यादा १०० वॅट-तासांची आहे. पॉवर बँकेवर मात्र क्षमता मिलिअँपिअर-तासांत छापलेली असते, आणि रांगेतली अर्धी वादावादी या दोन एककांमधल्या गुणाकाराची असते. २०,००० मिलिअँपिअर-तास म्हणजे २० अँपिअर-तास; त्याला सेलच्या ३.७ व्होल्टने गुणले की ७४ वॅट-तास होतात. या हिशेबाने २७,००० मिलिअँपिअर-तासांपर्यंतची पॉवर बँक मर्यादेत बसते. छपाई पुसली गेलेली पॉवर बँक काढून घेतली जाते, कारण जवानाला गुणायला आकडाच उरलेला नसतो. ही काळजी पुस्तकी नाही. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियाच्या गिम्हे विमानतळावर उड्डाणाच्या तयारीत असलेले एक प्रवासी विमान आगीत जळाले. त्यातले सर्वजण बाहेर पडू शकले. डोक्यावरच्या कप्प्यातील पॉवर बँक हे आगीचे संभाव्य कारण असल्याचे तपासात पुढे आले.

म्हणजे एका नियमाने बॅटरी असलेली वस्तू केबिनमध्ये यायला हवी, आणि दुसऱ्या नियमाने केबिनमध्ये येणारी प्रत्येक गुंतागुंतीची वस्तू संशयास्पद आहे. दोन्ही नियम बरोबर आहेत. त्यांची टक्कर होते ती प्रवाशाच्या अंगावर, आणि सर्वांत जोरात होते ती स्वतः बनवलेले उपकरण घेऊन निघालेल्या विद्यार्थ्याच्या अंगावर. कारखान्यात बनलेल्या लॅपटॉपची सावली जवानाने हजारो वेळा पाहिलेली असते. प्रयोगशाळेत जोडलेल्या पेटीची सावली तो पहिल्यांदाच पाहत असतो.

कणभौतिकीत पीएच.डी. करणाऱ्या एका विद्यार्थिनीला ही टक्कर नेमकी सोसावी लागली. ईशान्य भारतातल्या एका शाळेत मुलांना वैश्विक किरण दाखवण्यासाठी ती निघाली होती. तिच्याजवळ कंपासपेटीपेक्षा थोडा मोठा, स्वतः जुळवलेला म्यूऑन शोधक होता. त्याची रचना साधी असते. सिंटिलेटर नावाच्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या ठोकळ्यातून म्यूऑन गेला, की अतिशय क्षीण प्रकाश चमकतो. ठोकळ्याला चिकटवलेला सिलिकॉनचा प्रकाशसंवेदक तो टिपतो, सर्किट बोर्ड त्याची नोंद घेतो आणि छोट्या पडद्यावर आकडा एकाने वाढतो. बाहेरचा प्रकाश आत शिरू नये म्हणून ठोकळा ॲल्युमिनियमच्या वर्खात आणि मग काळ्या टेपच्या अनेक थरांत गुंडाळलेला असतो. वीज पुरवायला दोन लिथियम सेल. ते असल्यामुळे पेटी चेक-इन सामानात घालणे तिला बरोबर वाटले नाही.

पडद्यावर ही पेटी कशी दिसली असेल, याची कल्पना कोणत्याही भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला करता येईल. सिंटिलेटर हे कार्बन आणि हायड्रोजनचे प्लॅस्टिक. म्हणजे एकजिनसी नारिंगी ठोकळा. त्याला जोडलेल्या तारा. तारांच्या दुसऱ्या टोकाला सर्किट बोर्ड. शेजारी दोन बॅटऱ्या. जवानाला प्रशिक्षणात जे चित्र ओळखायला शिकवलेले असते, त्याच्याशी इतके मिळतेजुळते दुसरे काही शोधून सापडणार नाही.

पिशवी बाजूला निघाली. 'हे काय आहे?' या प्रश्नाला तिच्याजवळ दोन उत्तरे होती. एक दोन शब्दांचे, जे तेथे कोणालाच कळणारे नव्हते; दुसरे वीस मिनिटांचे, ज्यासाठी कोणाला सवड नव्हती. तिने 'डिटेक्टर' म्हटले. त्या जागी डिटेक्टर म्हणजे जवानाच्या हातातली दांडी. तिच्या उत्तराने गोंधळ वाढलाच. कापडी पट्टी पेटीवरून फिरवून स्फोटकांचे अंश तपासणाऱ्या यंत्रात घातली गेली. ते यंत्र पट्टीवरच्या कणांची वाफ करून त्यांना विद्युतभार देते आणि विद्युतक्षेत्रात ते किती वेगाने सरकतात यावरून त्यांची ओळख पटवते. काही निघाले नाही. तरीही काळ्या टेपच्या आत काय आहे हा प्रश्न शिल्लक होता. टेप काढली तर उपकरण निकामी होईल, असे तिने सांगून पाहिले. जवान उद्धट नव्हता. तो म्हणाला, 'मॅडम, आत काय आहे ते न बघता मी सोडलं आणि उद्या कुणी विचारलं, तर मी काय सांगू?' वरिष्ठ आले, पुन्हा तेच प्रश्न झाले आणि अखेर एका बाजूची टेप कापली गेली. आत स्वच्छ, पारदर्शक प्लॅस्टिक दिसले. वरिष्ठांनी मान हलवली आणि पेटी परत दिली. दरवाजा बंद होण्याआधी विमानात शिरलेली ती शेवटची प्रवासी होती.

शाळेत पेटी सुरू केल्यावर आकडे वेड्यासारखे धावू लागले. समुद्रसपाटीला दर चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्यूऑन जातो. तिच्या ठोकळ्यासाठी मिनिटाला पंचवीसच्या आसपास नोंदी व्हायला हव्या होत्या. येथे सेकंदाला हजारो होत होत्या. कापलेल्या फटीतून वर्गातला उजेड आत शिरत होता आणि संवेदक त्यालाच कण समजत होता. शाळेच्या शिपायाने विजेच्या कामाची काळी टेप शोधून आणली. थर चढवत, दिवा बंद करून पुन्हा पुन्हा तपासत आकडा ताळ्यावर यायला दुपार उलटली. तोवर शेवटची घंटा झाली होती आणि बसने जाणारी मुले निघून गेली होती. जी सात जण थांबली त्यांनी आपल्या तळहातातून मिनिटाला शंभराच्या आसपास म्यूऑन आरपार जातात हे समजून घेतले. उरलेल्यांना ते पाहता आले नाही.

या घटनेत कोणी दुष्ट नाही, म्हणूनच ती विचार करण्याजोगी आहे. जवानाने विचारलेला प्रश्न योग्य होता आणि विद्यार्थिनीचे उत्तर खरे होते. अपुरे होते ते चित्र. सावलीतल्या नारिंगी ठोकळ्याची घनता त्या यंत्राला सांगता येत नव्हती, कारण बेरजेत घनता आणि जाडी एकमेकींत मिसळलेल्या असतात. हलक्या प्लॅस्टिकचा जाड ठोकळा आणि दाट स्फोटकाची पातळ वडी यांच्या सावल्या जवळपास सारख्या पडू शकतात. सिंटिलेटरची घनता दर घन सेंटिमीटरला १.०३ ग्रॅम असते. लष्करी स्फोटकांची साधारण दीडपट किंवा त्याहून अधिक. हा फरक मोठा आहे, पण तो पाहण्यासाठी बेरीज सोडवावी लागते.

सीटी यंत्र नेमके तेच करते. क्ष-किरणांचा स्रोत पिशवीभोवती फिरतो, शेकडो दिशांनी सावल्या घेतल्या जातात आणि गणिताने त्यांतून पिशवीच्या प्रत्येक लहानशा घनाची घनता काढली जाते. लॅपटॉप आणि त्याखालची वस्तू वेगवेगळ्या थरांत दिसतात, म्हणून लॅपटॉप आतच राहिला तरी चालतो. सर्व दिशांच्या बेरजांवरून मूळ आकृती परत मिळवता येते, हे गणित योहान राडोन यांनी १९१७ मध्येच मांडले होते. ॲलन कॉर्मॅक आणि गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांना वैद्यकीय सीटीसाठी १९७९ चे नोबेल मिळाले. या कथेत एक भारतीय प्रकरणही आहे. जी. एन. रामचंद्रन आणि ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांनी १९७१ मध्ये सावल्यांवरून त्रिमितीय रचना काढण्याची एक सोपी आणि जलद पद्धत प्रसिद्ध केली. प्रतिमा-पुनर्रचनेच्या पाठ्यपुस्तकांत तिच्यातली गाळणी आजही 'राम-लॅक फिल्टर' या नावाने शिकवली जाते. आपल्या विमानतळांवर ज्या यंत्राची वाट पाहिली जात आहे, त्याच्या गणिताचा एक धागा पन्नास वर्षांपूर्वी या देशातच विणला गेला होता.

नवी यंत्रे सर्व प्रश्न सोडवतील असे समजणे मात्र चुकीचे ठरेल. ती महाग आणि जड आहेत. जुन्या इमारतींत त्यांच्यासाठी जागा आणि जमिनीची ताकद दोन्ही तपासावी लागते. त्यांची क्ष-किरण मात्रा जास्त असल्याने छायाचित्रणाची फिल्म त्यांत खराब होऊ शकते. लॅपटॉप किंवा मेमरी कार्डाला अशा तपासणीने धोका नाही. आणि त्रिमितीय चित्र फिरवून पाहणाऱ्या माणसालाही ते वाचायला शिकावे लागते. सर्वांत मोठी गोष्ट अशी, की मोठ्या विमानतळांवर सीटी आणि छोट्यांवर जुने यंत्र अशी मधली अवस्था अनेक वर्षे राहील. बंगळुरूला लॅपटॉप आत चालला आणि परतीच्या वाटेवर बाहेर काढावा लागला, तर कारण न कळलेल्या प्रवाशाला तो पुन्हा लहरीपणाच वाटेल.

म्हणून यंत्राइतकीच गरज कारण सांगण्याची आहे. सुरक्षेची कारणे उघड केल्याने गैरफायदा घेतला जाईल, हा आक्षेप येथे लागू होत नाही. यंत्र कोणत्या मर्यादेला इशारा देते हे गुप्त असावे. दोन वस्तूंच्या सावल्या एकमेकींवर पडतात, हे गुप्त नाही, ते पाठ्यपुस्तकात आहे. ट्रेच्या तळाशी दोन ओळींचे वाक्य छापता येते: लॅपटॉपखाली लपलेले यंत्राला दिसत नाही, म्हणून तो वेगळा ठेवावा. पॉवर बँकेसाठी मिलिअँपिअर-तास आणि वॅट-तास यांचा तक्ता भिंतीवर लावता येतो. नियम बदलत नाहीत असेही नाही. केबिन बॅगेच्या चिठ्ठीवरचा शिक्का कित्येक वर्षे अटळ वाटत होता. २०१७ मध्ये दिल्ली, मुंबईसह काही मोठ्या विमानतळांवर तो बंद झाला. आणि प्रयोगशाळेतल्या उपकरणांसाठी, आधी कळवून येणाऱ्या संशोधकाची तपासणी शांतपणे करता येईल अशी एखादी ठरलेली वाट आखणे, वैज्ञानिक संस्था आणि सुरक्षा यंत्रणा एकत्र बसल्या तर अशक्य नाही. टोरांटोच्या उपकरणाचा धडा हाच आहे, की कारण न सांगण्याची किंमत केवळ रांगेतला प्रवासी मोजत नाही. पडद्यामागच्या माणसालाही कारण कळलेले असावे लागते, नाहीतर यंत्राचा आवाज ऐकूनही बॅग पुढे जाते.

तोपर्यंत उपकरण घेऊन प्रवास करणाऱ्या विद्यार्थ्यांनी काही गोष्टी कराव्यात. त्या विद्यार्थिनीने परतल्यावर त्या केल्या. काळ्या टेपऐवजी तिने ठोकळ्यासाठी चार स्क्रूंचे झाकण असलेली, प्रकाश न शिरणारी डबी बनवून घेतली; आता ती उघडून दाखवता येते आणि पुन्हा बंद करता येते. सेल वेगळे काढून, टोकांवर चिकटपट्टी लावून, क्षमतेचा आकडा दिसेल असे ठेवले जातात. पेटीच्या झाकणावर आतील भागांचे छायाचित्र, प्रत्येक भागाचे नाव हिंदीत आणि इंग्रजीत, आणि संस्थेच्या शिक्क्याचे पत्र असते. पत्रात म्यूऑनचा उल्लेख दुसऱ्या परिच्छेदात येतो. पहिल्या परिच्छेदात एवढेच लिहिलेले आहे, की नारिंगी दिसणारा ठोकळा प्लॅस्टिकचा आहे, तो उघडून पाहता येतो आणि बॅटरी जोडली की पेटी चालू करून दाखवता येते.

गेल्या वेळी तिची पिशवी पुन्हा बाजूला निघाली. जवानाने पत्र वाचले, झाकण उघडून पाहिले, पेटी चालू करायला लावली आणि पडद्यावरचा आकडा वाढताना थोडा वेळ पाहिला. मग हे कशाचे मोजमाप आहे, असे त्याने विचारले. मागे रांग होती, म्हणून तिने एका वाक्यात सांगितले. चार मिनिटांत पेटी पिशवीत परत गेली.